ट्रम्प यांचा २०१६ मधील विजय : धक्का कोणाला आणि का?

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)

२०१६ सालच्या ९ नोव्हेंबरची सकाळ उपस्थितांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. मात्र ती अमेरिकेमुळे नव्हे. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्याची घोषणा केली होती. त्या दिवशी बँकांचे व्यवहार ग्राहकांसाठी बंद होते आणि घरोघरी कपाटातल्या नोटांची मोजदाद चालली होती. भारतातील एकही चौक असा नसेल, जेथे दुसरा विषय निघाला असेल. त्याच दिवशी आपल्या घड्याळात दुपारचा एक वाजण्याच्या सुमारास अमेरिकेतून वार्ता आली, की डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. ज्या माणसाने त्यापूर्वी नगरसेवकाचीदेखील निवडणूक लढवली नव्हती, जो कधी मंत्री नव्हता, सैन्यात अधिकारी नव्हता, ज्याची ओळख इमारती बांधणारा धनिक आणि दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाचा सूत्रधार एवढीच होती, तो जगातील सर्वांत बलाढ्य सत्तेच्या प्रमुखपदी निवडून आला.

आपल्याकडे नोटांच्या गदारोळात ही वार्ता काहीशी मागे पडली. अमेरिकेत मात्र त्या रात्री सुरू झालेला वाद दहा वर्षे होत आली तरी शमलेला नाही. ट्रम्प का जिंकले? या एका प्रश्नावर तेथे ग्रंथ लिहिले गेले, चौकशा झाल्या, विद्यापीठांतून संशोधने झाली. हा वाद आपण समजून घ्यावा, याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. लोकशाहीत जनता कौल देते आणि विद्वान त्याचा अर्थ लावतात. हा अर्थ चुकला, की पुढची सारी गणिते चुकतात. ती चूक त्या देशात झाली, तशी आपल्या देशातही झाली आहे आणि प्रसंगी आपल्याच विचाराच्या मंडळींकडूनही झाली आहे.

आकडे काय सांगतात?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हिलरी क्लिंटन यांना सुमारे ६ कोटी ५८ लाख मते मिळाली, ट्रम्प यांना ६ कोटी ३० लाखांच्या आसपास. म्हणजे पराभूत उमेदवाराला विजयी उमेदवारापेक्षा २८ लाखांहून अधिक मते होती. परंतु अमेरिकेचा अध्यक्ष थेट लोकमताने ठरत नाही. राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या ५३८ निर्वाचकांच्या मंडळातून तो ठरतो आणि तेथे बहुमतासाठी २७० मते लागतात. ट्रम्प यांना ३०४ मिळाली.

हा चमत्कार घडला तो प्रामुख्याने तीन राज्यांत. मिशिगनमध्ये ट्रम्प यांचे मताधिक्य होते १० हजार ७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२ हजार ७४८ आणि पेन्सिल्व्हेनियात ४४ हजार २९२. तिन्हींची बेरीज ७८ हजारांच्याही आत. आपल्याकडील लोकसभेच्या एखाद्या मतदारसंघातही यापेक्षा मोठे मताधिक्य सहज असते! ही तिन्ही राज्ये १९९२ पासून सलग डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. त्यांना त्या पक्षाची ‘निळी भिंत’ म्हटले जाई. ती भिंत एका रात्रीत कोसळली.

अंदाज वर्तवणाऱ्यांचे काय झाले? एका नामवंत दैनिकाने हिलरी यांच्या विजयाची शक्यता ८५ टक्के सांगितली होती, कोणी ९८ टक्के, तर कोणी ९९ टक्के. त्यांतल्या त्यात सावध असलेल्या नेट सिल्व्हर यांच्या संस्थेने ७१ टक्के म्हटले आणि ‘फार भित्रा अंदाज’ म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. वास्तविक देशपातळीवरील चाचण्या फारशा चुकल्या नव्हत्या. हिलरी यांना दोन टक्क्यांची आघाडी प्रत्यक्ष मिळालीही. घात झाला तो राज्यांच्या पातळीवर. पदवी नसलेल्या मतदारांचे प्रमाण अनेक चाचण्यांत पुरेसे धरलेच गेले नव्हते आणि शेवटच्या आठवड्यात मन ठरवणाऱ्यांचा कल ट्रम्प यांच्याकडे झुकला. जनमत चाचण्या घेणाऱ्यांच्याच व्यावसायिक संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या परीक्षणात या दोन गोष्टी नमूद झाल्या. ज्या वर्गाचा आवाज वृत्तपत्रांत उमटत नव्हता, तो चाचण्यांच्या कोष्टकांतूनही गळला होता, असा याचा सरळ अर्थ.

पहिला पक्ष : बंद पडलेल्या भट्ट्या

विजयाच्या कारणांविषयी अमेरिकेत तीन प्रमुख पक्ष पडले. पहिला पक्ष आर्थिक कारण सांगणाऱ्यांचा.

ओहायो राज्यात महोनिंग नदीचे खोरे आहे. यंग्सटाउन हे तेथील मुख्य शहर, पोलादाचे शहर. आपल्याकडील गिरणगाव डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. भोंग्यावर दिवस सुरू होणार, बाप ज्या भट्टीवर काम करतो तेथेच मुलगा लागणार, कामगार संघटना बळकट, आणि मत डेमोक्रॅटिक पक्षाला, हे जणू घराण्याचे व्रत. १९ सप्टेंबर १९७७ या सोमवारी तेथील एका मोठ्या पोलाद कंपनीने आपला कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि सुमारे पाच हजार कामगार रस्त्यावर आले. त्या भागात आजही तो दिवस ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. १९३० मध्ये १ लाख ७० हजार लोकवस्ती असलेले हे शहर २०२० च्या जनगणनेत ६० हजारांवर आले.

जे यंग्सटाउनमध्ये झाले, ते थोड्याफार फरकाने मध्य-पश्चिमेच्या साऱ्या औद्योगिक पट्ट्यात झाले. त्याला नावच पडले ‘रस्ट बेल्ट’, गंजलेला पट्टा. १९९४ मध्ये मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार अमलात आला. २००१ च्या डिसेंबरात चीनने जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केला. २००० साली अमेरिकेत कारखानदारीत सुमारे १ कोटी ७० लाख माणसे होती. २०१० मध्ये ती १ कोटी १५ लाखांवर आली. हे सारे चीनमुळे झाले असे नाही. यंत्रमानव आणि स्वयंचलनाचा वाटाही मोठा होता. तरी डेव्हिड ऑटर आदी अर्थशास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे चिनी आयातीमुळे १९९९ ते २०११ या काळात २० ते २४ लाख रोजगार गेले आणि ते सर्वत्र सारखे न जाता विशिष्ट गावांवर, विशिष्ट खोऱ्यांवर कोसळले. त्यातच २००८ ची आर्थिक पडझड झाली. बुडणाऱ्या बँकांना सरकारने सावरले, बुडणाऱ्या घरांना सावरणारे कोणी नव्हते.

याहून भयावह गोष्ट २०१५ साली उघड झाली. अ‍ॅन केस आणि नोबेल मानकरी अँगस डीटन या अभ्यासकांनी दाखवून दिले, की अमेरिकेतील मध्यमवयीन गोऱ्या लोकांचा मृत्युदर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढू लागला आहे. सर्व प्रगत देशांत आयुर्मान वाढत असताना येथे माणसे अमली औषधे, दारू आणि आत्महत्या यांनी मरत होती, आणि त्यांत महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्यांचे प्रमाण अधिक होते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्यांमागील घरे समजावून सांगण्याची गरज नाही.

रिपब्लिकन पक्षाच्या १७ इच्छुकांपैकी बहुतेक जण मुक्त व्यापाराची जुनी पोथी वाचत होते. ट्रम्प यांनी ती फेकून दिली आणि कारखाने परत आणण्याची भाषा केली. तेव्हा या पट्ट्याने त्यांना उचलून धरले, असे हा पक्ष सांगतो.

दुसरा पक्ष : आपल्याच देशात परके

दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. त्यांचा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. मतदानोत्तर चाचण्यांप्रमाणे वार्षिक ५० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांमध्ये हिलरीच पुढे होत्या. मग याला गरिबांचे बंड कसे म्हणावे? डायना मट्झ या अभ्यासिकेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असा निष्कर्ष काढला, की ट्रम्प यांच्याकडे वळण्यामागे स्वतःच्या खिशाची चिंता कमी आणि आपले स्थान घसरत असल्याची धास्ती अधिक होती.

आर्ली हॉशचाइल्ड या कॅलिफोर्नियातील समाजशास्त्रज्ञ डाव्या विचारांच्या. परंतु त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या सहविचारींपैकी फार थोड्यांनी केली. त्या लुइझियाना राज्यातील कडव्या रिपब्लिकन गावांत जाऊन राहिल्या, वर्षानुवर्षे त्या लोकांच्या घरी जेवल्या, त्यांच्या चर्चमध्ये बसल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड’ या पुस्तकात त्यांनी या लोकांच्या मनातील एक चित्र मांडले. टेकडीवर जाणारी एक लांब रांग आहे. पलीकडे समृद्धी आहे. माणूस आयुष्यभर नियम पाळून रांगेत उभा आहे. रांग हलत नाही. मध्येच कोणी पुढे घुसतो आणि ज्याने रांग राखायची तो सरकारी माणूस त्यालाच हात धरून पुढे नेतो. वर मागून कोणी ‘हे काय?’ असे विचारले, तर त्याला अडाणी आणि वंशद्वेष्टा ठरवले जाते.

हे चित्र वस्तुस्थितीला धरून आहे का, हा वेगळा प्रश्न. काळ्या अमेरिकनांना कित्येक पिढ्या त्या रांगेत उभेच राहू दिले नव्हते, हे विसरून चालणार नाही. वंशभेदाचे विष त्या समाजात आहे आणि ट्रम्प यांच्या प्रचारातील काही वक्तव्यांनी त्याला खतपाणी घातले, हेही नाकारता येणार नाही. परंतु केवळ वंशद्वेषाने निकालाचा उलगडा होत नाही. अमेरिकेत २०६ काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे घटक, असे निघाले की ज्यांनी २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामांना निवडले आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना. मिशिगनमधील मॅकम काउंटी त्यांपैकीच एक. मोटारींच्या कारखान्यांतील कामगारांची ही वस्ती दोन्ही वेळा ओबामांच्या मागे उभी राहिली, आणि २०१६ मध्ये एकट्या मॅकमने ट्रम्प यांना ४८ हजारांहून अधिक मताधिक्य दिले. राज्यातील एकूण मताधिक्य पावणेअकरा हजारांच्याही आत होते! एका कृष्णवर्णीय उमेदवाराला दोनदा मत देणारा माणूस चार वर्षांत एकाएकी वर्णद्वेष्टा झाला, असे म्हणणे हे त्याला समजून घेण्याचे कष्ट टाळणे होय.

याच्या जोडीला श्रद्धेचा प्रश्न होता. गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले. तीन विवाह केलेल्या, जुगारगृहे चालवलेल्या माणसाला धर्मनिष्ठांनी का निवडले? न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांच्या निधनाने फेब्रुवारी २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयातील एक जागा रिकामी होती आणि तेथे कोणाला नेमणार, याची नावनिशीवार यादीच ट्रम्प यांनी जाहीर केली. श्रद्धावान मतदाराने उमेदवाराचे चारित्र्य पाहिले नाही. आपल्या श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांच्या विरोधात हा उभा राहील काय, एवढेच पाहिले.

तिसरा पक्ष : अपघाताचा सिद्धान्त

तिसरा पक्ष म्हणतो, हा अपघात होता. गुप्तचर तपास यंत्रणेचे प्रमुख जेम्स कोमी यांनी मतदानाला अकरा दिवस उरले असताना, २८ ऑक्टोबरला, हिलरी यांच्या ई-मेल प्रकरणी पुन्हा तपास करत असल्याचे पत्र लिहिले. रशियाने समाजमाध्यमांतून आणि चोरलेल्या पत्रव्यवहारातून हस्तक्षेप केला. २०१९ च्या रॉबर्ट म्यूलर यांच्या अहवालाने हा हस्तक्षेप व्यापक आणि पद्धतशीर असल्याचे सांगितले. मात्र ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियाशी कट केल्याचे सिद्ध झाले नाही, असेही त्यात नोंदले आहे. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना तिन्ही निर्णायक राज्यांत ट्रम्प यांच्या मताधिक्याहून अधिक मते पडली. कृष्णवर्णीयांचे मतदान २०१२ मधील सुमारे ६७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर घसरले. डेट्रॉइट ज्या काउंटीत आहे तेथे हिलरी यांना ओबामांपेक्षा सुमारे ७५ हजार मते कमी पडली.

हे सर्व खरे आहे. ७८ हजारांच्या फरकात यांपैकी कोणतेही एक कारण निर्णायक ठरू शकते. परंतु नौका आधीच काठोकाठ भरलेली असते, तेव्हाच शेवटची लाट तिला बुडवते. नौका इतकी का भरली, याचे उत्तर अपघाताचा सिद्धान्त देत नाही.

शिवाय सावधगिरीचे इशारे मिळाले नव्हते असे नाही. पक्षांतर्गत लढतीत मार्च २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांनी सर्व चाचण्या खोट्या ठरवत मिशिगनमध्ये हिलरी यांचा पराभव केला. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनमध्येही केला. सँडर्स डावे, ट्रम्प उजवे. पण दोघेही एकच गोष्ट सांगत होते, की व्यापार करारांनी तुमची गावे उजाड केली. तरीही उमेदवारी मिळाल्यानंतर मतदानापर्यंत हिलरी विस्कॉन्सिनमध्ये एकदाही गेल्या नाहीत. ज्या घरातील मते आपलीच आहेत असे गृहीत धरले, त्या घराचे दार ठोठावण्याची गरज त्यांच्या पक्षाला वाटली नाही.

आणि ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमधील निधिसंकलनाच्या एका समारंभात हिलरी बोलून गेल्या, की ट्रम्प समर्थकांपैकी निम्मे लोक निंदनीयांच्या टोपलीत टाकण्याजोगे आहेत. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की उरलेल्या निम्म्यांची व्यथा समजून घ्या, असेही त्या त्याच भाषणात म्हणाल्या होत्या आणि ‘निम्मे’ या शब्दाबद्दल त्यांनी दुसऱ्याच दिवशी खेदही व्यक्त केला. पण बाण सुटला होता. लोकांनी तो शब्द मिरवला, सदऱ्यांवर छापून घेतला. श्रीमंतांच्या मेजवानीत आपल्यावर हसले जाते, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा संशय त्या एका वाक्याने पक्का झाला.

खोऱ्यातील पुढची कथा

कोणता पक्ष खरा, याची परीक्षा पुढील घटनांनी घेतली. त्यासाठी पुन्हा महोनिंगच्या खोऱ्यात जावे लागेल. ट्रम्प २०१७ च्या जुलैमध्ये यंग्सटाउनला आले आणि त्यांनी लोकांना सांगितले, की घरे विकू नका, गाव सोडू नका, रोजगार परत येत आहेत. त्या खोऱ्यातील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सचा मोठा मोटार कारखाना होता. मार्च २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे रोजगार परत येणे दूरच, होता तोही गेला.

शुद्ध आर्थिक सिद्धान्ताप्रमाणे २०२० मध्ये त्या मतदारांनी ट्रम्प यांना धडा शिकवायला हवा होता. घडले उलटेच. लॉर्ड्सटाउन ज्या ट्रम्बल काउंटीत आहे, तेथे त्यांचे मताधिक्य वाढले. आणि २०१६ मध्ये हिलरी यांच्या बाजूने राहिलेली यंग्सटाउनची महोनिंग काउंटीदेखील १९७२ नंतर प्रथमच रिपब्लिकन झाली. देशपातळीवर मात्र त्याच निवडणुकीत ट्रम्प हरले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया तिन्ही राज्ये जो बायडेन यांच्याकडे गेली.

कारखाना बंद झाला तरी मत का टिकले? उत्तर असे दिसते, की त्या मतदाराला रोजगार हवा होताच, पण त्याही आधी दखल हवी होती. चाळीस वर्षे त्याच्या दुःखाला नावच दिले गेले नव्हते. कोणी त्याला संगणक शिकायला सांगत होते, कोणी गाव सोडायला. एक माणूस आला आणि म्हणाला, की चूक तुझी नव्हे, तुला फसवले गेले. त्याचे पुढचे वचन पोकळ निघाले, तरी हे पहिले वाक्य मतदार विसरला नाही. आर्थिक कारण आणि सांस्कृतिक कारण असे जे दोन तट विद्वानांनी पाडले, ते त्या खोऱ्यातील माणसाच्या मनात वेगळे नव्हतेच. भट्टी विझली तेव्हा पगार गेला, त्याबरोबर प्रतिष्ठा गेली, संघटना गेली, शेजार गेला, चर्चमधील गर्दी गेली, मुले दूर गेली. माणसाला तुकड्यातुकड्यांनी पाहणाऱ्या पाश्चात्त्य विचाराची ही मर्यादा आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये एकात्म मानववाद मांडताना शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्र विचार सांगितला, तो येथे आठवावा.

२०२४ च्या निकालाने उरलेसुरले सिद्धान्तही तपासले गेले. ट्रम्प यांना ३१२ निर्वाचक मते मिळाली आणि या वेळी एकूण लोकमतातही ते पुढे राहिले. अपघात दोनदा होत नसतो. टेक्सासमधील स्टार काउंटीत जवळपास सारी वस्ती मेक्सिकन वंशाच्या लोकांची. तिने १८९२ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला मताधिक्य दिले. केवळ गोऱ्यांच्या वंशाभिमानावर सारे खापर फोडणाऱ्यांना याचे उत्तर देणे अवघड गेले.

भारतीयांनी काय समजावे?

येथे आपल्या मंडळींनाही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यू जर्सीतील एडिसन येथे हिंदूंच्या एका मेळाव्यात ट्रम्प आले, त्यांनी दीप उजळला, हिंदूंवर आपले प्रेम असल्याचे सांगितले. ‘अब की बार ट्रम्प सरकार’ हे त्यांच्या तोंडचे वाक्य आपल्याकडे घरोघरी पोहोचले. पुढे २०१९ मध्ये ह्यूस्टनचा आणि २०२० मध्ये अहमदाबादचा भव्य सोहळा झाला. अनेकांना वाटले, की आता अमेरिकेत आपला माणूस आहे.

वास्तविक अमेरिकेतील भारतीय मतदारांनी २०१६ मध्ये मोठ्या बहुमताने हिलरी यांनाच मत दिले होते. आणि ज्या मतदाराने ट्रम्प यांना निवडले, त्याची अपेक्षा काय होती? स्वदेशात कारखाने, परदेशी मालावर जकात, बाहेरून येणाऱ्या माणसांवर निर्बंध. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातीलही काही जण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले आणि पुण्यातील संगणक अभियंत्यांच्या कित्येक घरांत काळजी शिरली. याला विश्वासघात म्हणणे भाबडेपणाचे आहे. ट्रम्प यांनी आपल्या मतदाराला दिलेला शब्द पाळला. तो मतदार यंग्सटाउनचा होता, पुण्याचा नव्हता. दुसऱ्या देशातील राष्ट्रवाद हा त्या देशापुरता असतो. घोषणांतील साम्य हा मैत्रीचा पुरावा नसतो. राष्ट्राला आधार असतो तो स्वतःच्या सामर्थ्याचा.

आपल्या घरातील आरसा

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. हिलरी यांच्या पक्षाने केलेली चूक आपल्यालाही अपरिचित नाही. २००४ मध्ये अटलजींसारखा सर्वमान्य नेता होता, महामार्ग उभे राहत होते, अर्थव्यवस्था गतिमान होती. ‘इंडिया शायनिंग’ची झळाळी एवढी होती, की निवडणुका मुदतीपूर्वी घेण्यात आल्या. चाचण्या विजय सांगत होत्या. १३ मे २००४ रोजी निकाल लागला तेव्हा काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा होत्या. आंध्र प्रदेशात हैदराबादला संगणकनगरी बनवणारे चंद्राबाबू नायडू यांचा पक्ष २९४ पैकी ४७ जागांवर आला. दुष्काळात होरपळलेल्या गावांना सायबराबादचे दिवे दिसले, पण त्यांचा उजेड पोहोचला नाही. त्या वेळी कार्यकर्ता गृहीत धरला गेला होता आणि मतदारही. तेव्हा मतदाराला कृतघ्न म्हणणारे आपल्यातही होते. जनतेला दूषण देण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

शेवटी एक इशारा. दुर्लक्षितांच्या वेदनेवर स्वार होऊन येणारा नेता त्या वेदनेचा वैद्य असेलच, असे नाही. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर इंदिरा गांधींनी लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या. त्याच जनादेशाच्या अहंतेतून २५ जून १९७५ ची रात्र उगवली आणि हजारो निरपराध कार्यकर्ते कारागृहात गेले. अमेरिकेत २०२० चा पराभव ट्रम्प यांनी मान्य केला नाही. त्यांच्या बाजूने केलेले दावे न्यायालयांत एकामागून एक फेटाळले गेले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसद भवनावर चाल केली. लोकांनी दिलेला कौल शिरोधार्य असतो, मग तो विजयाचा असो वा पराजयाचा. विजय तेवढा जनतेचा आणि पराभव मात्र कपटाचा, असे म्हणणारा नेता कोणत्याही रंगाचा असला, तरी लोकशाहीला तो घातकच.

१९७७ च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झालेली होती, सभांतून लोक बोलत नव्हते, आणि सत्ताधाऱ्यांना विजयाची खात्री वाटत होती. मतदाराने शांतपणे मतपेटीत आपले उत्तर टाकले. रायबरेलीत खुद्द इंदिराजी ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. तो मतदार कोणत्याही चाचणीत सापडला नव्हता. मात्र तो भूमिगत पत्रके घेऊन रात्री त्याच्या दारात जाणाऱ्या कार्यकर्त्याला ठाऊक होता, कारण तो त्याच्या ओसरीवर बसला होता, त्याच्या घरची भाकरी खाल्ली होती.

मॅकम आणि महोनिंगच्या मतदारांनी २०१६ मध्ये जे केले, ते अमेरिकेतील शहाण्यांना कळले नाही, कारण त्या घरांशी त्यांचा संबंधच उरला नव्हता. जनतेचा कौल धक्का वाटतो तो दुरून पाहणाऱ्याला. ज्याचा रोजचा राबता त्या वस्तीत आहे, त्याला तो आधीच ऐकू आलेला असतो. म्हणून निकालानंतर विश्लेषण करण्यापेक्षा निकालापूर्वी संपर्क ठेवणे अधिक मोलाचे, आणि तो संपर्क निवडणुकीपुरता नव्हे, तर बारा महिने चोवीस तास. गावाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या घरी गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कोण, किती वेळा गेले, याचा हिशेब प्रत्येकाने आज घरी जाताना मनाशी करावा.